उसाच्या रांगेतला पडदा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचा कंटाळा करून मी तो आणखी चार दिवस तसाच लटकत ठेवते, आणि नेमक्या त्याच दिवसांत एके संध्याकाळी शिरूरच्या आमच्या घरावरून उसाची पहिली ट्रॉली जाते. खिडकीच्या काचा थरथरतात, ओट्यावरची भांडी वाजतात आणि ड्रायव्हरने लावलेलं गाणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं. माझा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणतो, "झालं, आले तुझ्या माहेरचे." त्यानंतरचे चार-पाच महिने मी स्कूटीवरून जिथे जाईन तिथे या ट्रॉल्यांच्या मागे अडकते. नाकातोंडात पाचट जातं, केसांत कुसं अडकतात, आणि मी त्या ड्रायव्हरांचा मनातल्या मनात असा उद्धार करते की ही बाई स्वतः ऊसवाल्याची लेक आहे हे कुणाला सांगून पटू नये. पण पाच मिनिटं अडकून पडलं की तोडलेल्या उसाचा तो ओला, गोडसर वास येतो. त्या वासापुढे माझा राग टिकत नाही.

परवा कारखान्याकडे वळणाऱ्या फाट्यावर अशीच रांग उभी होती. हलायचं नाव नाही. मी स्कूटी बंद केली आणि बाजूच्या ट्रॅक्टरवर नजर गेली. ड्रायव्हरने स्टिअरिंगला फोन टेकवून ठेवला होता, कानांत इअरफोन, आणि फोनवर सिनेमा चालू. मागच्या ट्रॅक्टरवर पाहिलं, तिथेही सिनेमा. त्याच्या मागच्यावरही. प्रत्येकाचा वेगळा आणि प्रत्येकाचा अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला हसू आलं. आमच्या वेळी अख्ख्या रांगेला मिळून एकच सिनेमा असायचा, आणि तो एकालाही पुरा मिळायचा नाही.

हे आता नीट सांगायला हवं, नाहीतर मी बढाई मारतेय असं वाटेल.

माझं माहेर भीमेच्या काठी, राहू गावाच्या पुढे. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा दौंडला कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. हंगामात सकाळी टोळ्या ऊस तोडायच्या, दुपारपर्यंत ट्रॉल्या भरायच्या, आणि आमच्या गावचे सगळे ट्रॅक्टर एकापाठोपाठ एक कारखान्याकडे निघायचे. ऊन उतरता उतरता तिथे पोचायचे आणि रांगेत उभे राहायचे. आधी काट्यावर वजन, मग गव्हाणीत ऊस रिकामा करायचा, मग सुटका. पण काट्यापर्यंत पोचणं हेच खरं काम. रांग गेटापासून सुरू व्हायची आणि रस्त्याच्या कडेने लांब बाभळींपर्यंत जायची. थोडी पुढे सरकायची आणि पुन्हा थांबायची. माणसं ट्रॉलीखाली पथारी टाकायची, तीन दगडांवर चहा उकळायची, पत्ते कुटायची आणि कोण मध्ये घुसलं यावरून भांडायची. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, ते आमचा ट्रॅक्टर स्वतःच चालवायचे. घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला डिझेलचा, घामाचा आणि मळीचा वास असे. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा चिकट पाक. लोकांना तो वास सोसत नाही. मला अजूनही तो घरचा वास वाटतो.

या रांगेला सिनेमा दाखवावा हे ज्यांच्या डोक्यात आलं ते वरवंडचे बन्सीआप्पा. त्यांचा पूर्वी तंबूचा टॉकीज होता. जत्रा कुठलीही असो, देवाच्या आधी आप्पांचा तंबू येऊन पोचलेला असे. मग व्हिडिओ आला, त्यामागून केबल आली, लोक घरातल्या घरात पाय पसरून सिनेमे बघायला लागले, आणि आप्पांनी तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला. प्रोजेक्टर मात्र विकवेना. एकदा एसटीतून जाताना त्यांना ही ट्रॅक्टरांची रांग दिसली. आप्पा ही हकीगत कुणालाही सांगायचे. म्हणायचे, "एवढी मानसं एका जागी, कुठं जायची सोय न्हाई, आन् करमनूक काय, तर फुडच्याच्या ट्रॉलीची नंबरपाटी वाचायची. मी म्हनलं, बन्सी, हितंच उतर."

ते उतरले ते त्या हंगामापासून दरवर्षी तिथेच असत. रस्त्याला लागून एक वावर होतं, तिथला ऊस आधीच तुटून गेलेला. त्यात दोन वासे रोवून आप्पा पांढरा कपडा ताणायचे. जुन्या मॅटेडोरच्या पाठीमागच्या बाजूला प्रोजेक्टर, बाभळीला बांधलेला कर्णा, बस. खुर्च्या नाहीत, कनात नाही. ज्याने त्याने आपापल्या ट्रॅक्टरवर बसून बघायचं. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की परदेशात गाडीत बसून सिनेमा बघायची थिएटरं असतात. आमच्या आण्णांनी शांतपणे विचारलं, "मग गाड्या फुडं सरकतात का?" तो म्हणाला, नाही, उभ्याच असतात. आण्णा म्हणाले, "मग त्यात काय एवढं."

तिकीट म्हणजे ट्रॉलीमागे उसाची एक मोळी. ती शेजारच्या गुऱ्हाळात जायची आणि हंगाम संपताना आप्पा गुळाच्या ढेपा घेऊन वरवंडला जायचे. ट्रॉलीवरचा ऊस शेतकऱ्याचा, मोळी काढून देणारा ड्रायव्हर, तेव्हा हे तिकीट नक्की कोणाच्या खिशातून जायचं यावर कोणी बोलत नसे. आण्णांचं बरं होतं, त्यांचा ऊसही स्वतःचा आणि ट्रॅक्टरही.

कारखान्याच्या धुराड्यातून काळी काजळी उडायची आणि सगळ्या पंचक्रोशीच्या वाळवणांवर पडायची, तशी आप्पांच्या पडद्यावरही पडायची. नटीच्या गालावर रोज नवीन तीळ. मध्येच आप्पा लांब काठी घेऊन पडदा झटकायचे, मग पडद्यावरचा हिमाचल प्रदेश गदागदा हलायचा. आवाजाचं तर विचारूच नका. हिरो नटीला काहीतरी नाजूक सांगत असे आणि तेवढ्यात कोणीतरी ट्रॅक्टरला किल्ली मारी. पुढचं सगळं ज्याने त्याने आपल्या मनाने समजून घ्यायचं.

पण खरी मजा वेगळीच होती. पडदा रस्त्याला आडवा लावलेला, त्याचं तोंड रांगेच्या शेपटाकडे. त्यामुळे रांगेत मागे असेपर्यंत सिनेमा समोरून दिसायचा. रांग पुढे सरकत सरकत पडद्याला ओलांडून गेली, की सिनेमा मागे राहायचा. मग माणसं ट्रॅक्टरच्या सीटवर उलटी बसायची आणि पडद्याच्या पाठीमागून बघायची. कपडा पातळ होता, चित्र पलीकडून स्वच्छ दिसे, फक्त उजव्याचं डावं झालेलं. आमच्या गावचे ट्रॅक्टर एकदमच निघायचे, त्यामुळे त्यांचे नंबरही एकदमच लागायचे, आणि निम्मा सिनेमा होईपर्यंत ते सगळे पडद्याच्या पलीकडे पोचलेले असत. परिणाम असा, की त्या काळातले यच्चयावत हिरो मारामारी डाव्या हाताने करतात अशी आमच्या गावाची पक्की समजूत होती. शेजारच्या बबनमामांनी तर कारणही शोधून काढलं होतं. ते म्हणायचे, "उजव्या हातानं कोनीबी मारतंय. डाव्यानं मारतो म्हनून तर तो हिरो."

आणि शेवट कोणालाच माहीत नसे. आठ वाजता कारखान्याची पाळी बदलायची, नव्या पाळीची माणसं हुरूपाने काट्यावर बसायची आणि रांग एकदम चालू लागायची. कारखान्याचा माणूस शिट्टी वाजवत यायचा आणि ट्रॅक्टरांचे नंबर पुकारायचा. नंबर पुकारला की निघायचं. नाही निघालात, तर मागच्यांना वाट द्यायची आणि स्वतः पार शेपटाला जाऊन पुन्हा उभं राहायचं. म्हणजे आणखी एक रात्र, आणि तोवर ऊस वाळणार. ऊस वाळला की वजन घटतं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे सिनेमात कितीही रंग भरलेला असो, शिट्टी झाली की सगळे किल्ली मारायचे. निघता निघता मागच्याला ओरडून सांगायचे, "फुडं काय झालं ते सांग रं." मागचा सांगणार काय, थोड्या वेळाने त्याचाही नंबर यायचाच.

बायका या रांगेकडे फिरकत नसत. त्यांना सिनेमा घरी पोचायचा, जिच्या तिच्या नवऱ्याच्या तोंडून. बबनमामांच्या घरी जे काही पोचे त्यात गाणी, मारामाऱ्या आणि मामांनी स्वतः घातलेली भर असे. आमच्या आण्णांना मात्र सिनेमा सांगता यायचा नाही. त्यांची सुरुवात आपल्या पुढे कोणाचा ट्रॅक्टर होता इथून व्हायची. मग डिझेल, मग कोणाचं टायर बसलं, मग कुठे तरी एक बाई रडत होती. आई विचारायची, "का रडत व्हती?" आण्णा म्हणायचे, "काय तरी दुख असंल की." हा 'असंल' त्यांचा हुकमी शब्द. जे दिसलं नाही, जे कळलं नाही, जे बोलायला जड जातं, त्या सगळ्यावर ते 'असंल' टाकून मोकळे व्हायचे. आई वैतागायची, पण ऐकायची. आण्णांनी सांगितलेल्या तुकड्यांना ती आपल्या मनाने जोड द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर बायकांना जो सिनेमा ऐकायला मिळे तो आप्पांच्या डब्यातल्या सिनेमापेक्षा खात्रीने बरा असणार.

त्या हंगामात मात्र आईने सिनेमा विचारणं बंद केलं होतं. पावसाळ्यापासूनच तिला दम लागायला लागला होता. दोन पायऱ्या चढली की उंबऱ्यावर बसायची. दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की लहानपणी कधीतरी आलेल्या तापाने हृदयाची एक झडप आकसून गेलीय, ती बदलावी लागेल. छाती उघडून. लवकर करा, असंही सांगितलं.  घरी आल्यावर आई म्हणाली, "मी न्हाई करनार."

मग घरी लोकांची रीघ लागली. जो येई तो म्हणे, "काय व्हत न्हाई." कोणाच्या तरी मेहुण्याचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि तो आता पोती उचलत होता. आई विचारायची, "तुमी बगितलाय का त्याला?" बघितलेलं कोणीच नसायचं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तिने आण्णांनाही एकदा सरळ विचारलं होतं, मी चुलीपाशी होते, "छाती उघडलेलं मानूस परत उठतं का?" आण्णा म्हणाले, "उठत असंल की." आईने डोळे मिटून घेतले. मला त्या वेळी आण्णांचा इतका राग आला होता, की मी भाकरी थापायची सोडून बाहेर निघून गेले. ऊस तुटत होता, दिवस चालले होते, आणि आई हो म्हणत नव्हती. रात्री तिचा श्वास ऐकत मी जागी असायचे. तिचा श्वास अडला की माझाही अडायचा.

अशात आप्पांनी एक नवा सिनेमा आणला. पहिल्या दिवशी बघून आलेले आण्णा सकाळी नेहमीसारखे टायरापासून सुरू झाले. आई भिंतीकडे तोंड करून ऐकत होती की नव्हती कोण जाणे. सांगता सांगता आण्णा म्हणाले, "मग त्याला गोळी लागली. हितं, छातीत. मग त्याला दवाखान्यात न्हेला. आपरेशनला. दारावर लाल दिवा लागला. त्येची आई दारात बसलेली. आन् माझा नंबर आला."

आईने कूस बदलली. कित्येक दिवसांनी ती स्वतःहून काही विचारत होती. "मग? वाचला का?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाचनारच की. गोळी उजवीकडं लागली व्हती. काळीज डावीकडं असतंय. काळजाला धक्काच न्हाई."

"तुमी वाचलेला बगितला का?"

"नंबर आला म्हनलं ना. पर वाचला असंल."

आईने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पण त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायला लागली, की त्या सिनेमातला पोरगा जगतो का. आमच्या गावातल्या एकालाही सांगता येईना. गोळी उजवीकडे लागली यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि तेवढ्यावर गावाने त्या हिरोला जगवून टाकलं होतं. बबनमामा तर म्हणाले, की पुढे त्याचं लग्नही होतं. आई म्हणाली, "बगितलं का लगीन?" मामा चहा पिऊन निघून गेले.

शेवटी आण्णांनी बन्सीआप्पांना गाठलं. आप्पांनी तो सिनेमा कितीदा तरी दाखवला असेल, त्यांना पाठ असणार. पण आप्पा म्हणाले, "आण्णा, मी उभा जल्म ह्या धंद्यात काढला. शेवट कुनाला सांगितला न्हाई. सांगितलेला शेवट शेवट नसतो, नुसती बातमी असते." आण्णांनी घरची सगळी हकीगत सांगितली. मग आप्पा म्हणाले, "वैनींना घेऊन या. उद्या शेवटचा खेळ हाय, परवा फिलिमचे डबे परत जायचे."

आण्णांनी हे घरी येऊन सांगितलं ते नको म्हणण्याच्या बेतानेच. दगदग होईल, थंडी आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. आई उठून बसली. म्हणाली, "ट्रॅक्टर दारात येतो. बसायचंच तर हाय. मला न्या."

शेवट सांगायचा नसतो हा आप्पांचा नियम मला या ठिकाणी मोडायचा आहे, कारण वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावून ठेवणं मला जमत नाही. ऑपरेशन झालं, नीट झालं, आई त्यानंतर खूप वर्षं जगली आणि आम्हा सगळ्यांना धाकात ठेवून मगच गेली. पण हे आज माहीत आहे. त्या दिवशी भरलेल्या ट्रॉलीपुढे ट्रॅक्टरच्या एका मडगार्डवर वाकळ गुंडाळून बसलेली आई, दुसऱ्या मडगार्डवर मी, आणि मध्ये पाठ ताठ करून गाडी चालवणारे आण्णा, यांच्यापैकी कोणालाच काही माहीत नव्हतं. खड्डा आला की आण्णा इतके हळू घ्यायचे, की मागचे ट्रॅक्टर एकेक करून पुढे निघून गेले. त्यामुळे रांगेत आम्ही नेहमीपेक्षा बरेच मागे उभे राहिलो.

रांगेत बाई आलेली बघून आधी सगळे गोंधळले. मग कोणीतरी टेप बंद केला. कोणीतरी मोठ्याने चाललेलं भांडण खालच्या आवाजात चालू ठेवलं. एका ड्रायव्हरने धुऊन पुसून आणलेल्या पेल्यात चहा आणून दिला आणि आईकडे न बघता म्हणाला, "घ्या मावशी, आलं घातलंय." बन्सीआप्पांनी त्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधीच पडदा झटकून स्वच्छ केला होता. तो पांढराशुभ्र पडदा आणि त्याच्यामागे धुराड्यातून निघालेला धूर, कडेला चिलटांनी भरलेले दिवे, असं सगळं मी पहिल्यांदा पाहत होते. इतके दिवस ऐकलेली जागा इतकी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि तरी ती मला फार आवडली.

सिनेमा सुरू झाला. आई एकदाही मागे टेकली नाही. रांग थोडी सरकायची, आण्णा क्लच सोडायचे, पडदा जवळ यायचा. आम्ही अगदी पडद्यासमोर पोचलो आणि गोळी सुटली. हिरोने छातीवर हात धरला. आईने पडद्याकडे पाहिलं, मग आण्णांकडे.

"तुमी तर उजवीकडं म्हनला व्हता."

 "मागनं उजवीकडंच दिसतंय," आण्णा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. अख्ख्या गावाने ज्या भरवशावर त्या पोराला जगवलं होतं तो भरवसा पडद्याच्या पाठीमागच्या बाजूचा होता.

नव्या पाळीने त्या दिवशी नंबर भराभर पुकारायला घेतले होते; दारावर लाल दिवा लागला आणि नेमकी शिट्टी झाली. आमचा नंबर पुकारला गेला. आण्णांनी सवयीने किल्लीला हात घातला. आता विचार करते तेव्हा वाटतं, की त्या क्षणी ते निघाले असते तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती. गोळी डावीकडे आहे हे कळलं होतं. पुढे काय होणार याचा अंदाज येत होता. निघून जाऊन 'वाचला असंल' म्हणायला त्यांना पुरेपूर जागा होती. कारखान्याचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "आण्णा, तुमचा नंबर."

आण्णांनी किल्लीवरचा हात काढला. "जाऊ द्या," म्हणाले. "मागच्यांना घ्या."

मागचे ट्रॅक्टर एकेक करून आमच्या बाजूने पुढे निघाले. एरवी कोणी असं आडवं उभं राहिलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा हिशेब झाला असता. त्या दिवशी कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. जाता जाता माणसं पडद्याकडे एकदा आणि आईकडे एकदा बघायची आणि पुढे व्हायची.

पडद्यावरचा दिवा विझला, दार उघडलं, डॉक्टरांनी मान खाली घातली. तो पोरगा मेला.

आण्णांनी घाईने किल्ली मारायला घेतली. आई म्हणाली, "थांबा. पुरं बगू द्या." म्हणून आम्ही पुरं बघितलं. त्याच्या आईचं रडणं बघितलं, चिता बघितली, नंतर त्याच्या धाकट्या भावाने घराचं दार उघडून आत दिवा लावला तेही बघितलं. मग पडदा पांढरा झाला आणि आप्पांनी प्रोजेक्टर बंद केला. ते लांबूनच आमच्याकडे बघत उभे होते, जवळ आले नाहीत.

आण्णा म्हणाले, "चुकलं माझं. तुला आनायला नको व्हतं."

"का?" आई म्हणाली. तिला दम लागला होता, पण आवाज स्वच्छ होता. "काय झालं ते बगितलं तरी. जो येतो तो म्हंतो काय व्हत न्हाई. काय व्हत न्हाई असं कुठं असतंय? एवढी समदी खोटं बोलायला लागली तवा मला वाटलं, डाक्टरनं तुमाला काय तरी वंगाळ सांगितलंय आन् तुमी दडवताय."

"न्हाई गं. तुझ्याम्होरं त्यानं सांगितलं तेवढंच सांगितलंय."

"मग नीट बोलत का न्हाई? मी इचारते उठतं का, तर म्हनं असंल."

आण्णा समोर बघत होते. समोरचा रस्ता गेटापर्यंत मोकळा झाला होता, आमच्या मागे नवे ट्रॅक्टर येऊन थांबत होते. ते म्हणाले, "मला भ्या वाटतंय." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही कधी ऐकलं नाही. "तू न्हाई म्हनलीस तवा मला बरंच वाटलं. म्हनलं, निदान हाय तवर तरी डोळ्याम्होरं हाय. तू त्या दारातनं आत गेलीस आन् परत आलीच न्हाईस तर मी काय करू? मला न्हाई जमायचं तुझ्याबिगर."

इतके दिवस मला वाटत होतं की आई घाबरलीय आणि आण्णांना काही वाटत नाही. मी मडगार्डची कड घट्ट धरून बसले. रडू येत होतं आणि त्या दोघांना ते कळू नये असंही वाटत होतं.

 आईने अंगावरची वाकळ सैल केली आणि तिचा अर्धा भाग आण्णांच्या गुडघ्यांवर टाकला.

"तुमाला जमायचं न्हाई, ते ठाव हाय मला," ती म्हणाली. "म्हनून तर म्हंते, पुन्याची तारीख घ्या."

आण्णांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. आजूबाजूला ट्रॅक्टर उभे होते, माणसं बघत होती, आणि ज्यांनी माझ्यादेखत कधी एकमेकांच्या बोटालाही बोट लावलं नव्हतं त्या माझ्या आईवडलांपैकी एक जण रडत होता आणि दुसरी, रस्त्यावर, सगळ्यांसमोर, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.